पुतळ्याची उंची वाढली, ग्रंथांचे काय?

दादरच्या चैत्यभूमीलगत, इंदू मिलच्या साडेबारा एकर जागेवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकाचे काम सुरू आहे. १०० फुटांचा चौथरा आणि त्यावर ३५० फुटांचा पुतळा, अशी एकूण उंची ४५० फूट! या स्मारकाविषयी दोन ठिकाणांहून शंका घेतली जाते. एक प्रस्थापितांच्या दिवाणखान्यातून आणि दुसरी आमच्याच वस्त्यांमधून. दोन्ही शंका वरवर सारख्या वाटत असल्या तरी त्यांचे मूळ एक नाही. म्हणून दोघांना उत्तरही एकच देता येणार नाही.

पहिल्या शंकेचा आधी समाचार घेऊ. ‘पुतळ्यावर एवढा पैसा कशाला? त्यात शाळा काढा, दवाखाने काढा,’ असा शहाजोग सल्ला आम्हाला वारंवार दिला जातो. गुजरातेत १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा २०१८ साली उभा राहिला. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचे जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले. त्या वेळी ज्यांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही, त्यांना आमच्या बापाच्या पुतळ्याच्या वेळीच दवाखाना कसा आठवतो? ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही, त्या समाजाचा नायक देशाच्या आर्थिक राजधानीत ताठ मानेने उभा राहणार, हे काहींच्या डोळ्यांत खुपते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आणि ही जागा कुणी दान म्हणून दिलेली नाही, हेही लक्षात घ्यावे. ६ डिसेंबर २०११ रोजी आनंदराज आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली भीमसैनिक इंदू मिलमध्ये घुसले आणि त्यांनी जागेचा ताबा घेतला. त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर २०१२ मध्ये, केंद्र सरकारला ही जमीन देण्याची घोषणा संसदेत करावी लागली. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. कोनशिलेवर नाव कुणाचेही असो, जमीन जनतेने मिळवली आहे. म्हणूनच या जागेवर काय व्हावे हे विचारण्याचा पहिला अधिकारही जनतेचाच आहे.

आता दुसरी शंका, आमच्या माणसांची. जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने स्मारकाची उंची ३५० वरून ४५० फूट केली. खर्च ७६३ कोटींवरून सुमारे १०९० कोटींवर गेला. नेमक्या त्याच दिवसांत परळचे वाडिया बालरुग्णालय निधीअभावी अडचणीत होते. पुतळ्यांसाठी पैसा आहे आणि गरिबांच्या लेकरांच्या उपचारासाठी नाही काय, या शब्दांच्या आशयाने उच्च न्यायालयाने सरकारला फटकारले. खुद्द बाळासाहेब आंबेडकरांनी स्मारकाचा निधी रुग्णालयाला द्यावा अशी भूमिका घेतली. आता हे बोल मनुवाद्यांचे म्हणून उडवून लावता येतील काय? उंची शंभर फुटांनी वाढवा, या मागणीसाठी कोणत्या वस्तीतून मोर्चा निघाला होता? आम्हाला तरी आठवत नाही. पुतळा उंच केला की मते आपोआप खाली पडतात, हा राज्यकर्त्यांचा हिशेब आहे. तो पक्षागणिक बदलत नाही.

आमच्या मते या स्मारकाची खरी कसोटी फुटांत नाही, ग्रंथांत आहे. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे प्रसिद्ध करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७६ साली समिती नेमली आणि १९७९ साली पहिला खंड बाहेर आला. त्याच शासनाच्या कारभाराची तऱ्हा पाहा! डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला या ग्रंथांच्या रखडलेल्या छपाईची स्वतःहून दखल घ्यावी लागली. नऊ लाख प्रतींसाठी सुमारे ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला गेला आणि चार वर्षांत छापून झाल्या जेमतेम ३३ हजार प्रती, असे वृत्त प्रसिद्ध झाले होते. कागद गोदामात, वाचक रांगेत आणि सरकार पुतळ्याची उंची मोजण्यात दंग!

काही वर्षांपूर्वी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आम्ही ग्रंथविक्रीच्या एका स्टॉलपुढे उभे होतो. पुढे परभणीकडचे एक वृद्ध शेतमजूर होते. त्यांना बाबासाहेबांच्या मराठी भाषणांचा अठरावा खंड हवा होता. तीन भागांपैकी एकही शिल्लक नव्हता. ‘इंग्रजीतले न्या,’ असे त्यांना सांगण्यात आले. ते आमच्याकडे वळून म्हणाले, ‘वकीलसाहेब, मागल्या साली बी हेच सांगितलं. मला इंग्रजी कुठं येतंय?’ मग नोटा पुन्हा रुमालात बांधून ते गर्दीत निघून गेले. आम्ही कायद्याची पदवी घेतलेले, पण त्यांच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. स्मारकाबद्दलची खरी शंका त्या रुमालाच्या गाठीत आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. कृतज्ञ असावे, पण स्वाभिमान गहाण ठेवून नव्हे, ही त्यांची शिकवण आहे. ज्या महामानवाने ग्रंथांसाठी राजगृह बांधले, त्याचे स्मारक ग्रंथांवाचून उभे राहिले, तर ती निव्वळ मूर्ती होईल. आणि मूर्तीभोवती पुजारी जमायला वेळ लागत नाही!

तेव्हा आम्ही पुतळ्याच्या विरोधात नाही. पण आराखड्यात ग्रंथालय आणि संशोधन केंद्र आहे म्हणून निश्चिंत राहायलाही आम्ही तयार नाही. नकाशावरची खोली म्हणजे संस्था नव्हे. वकिली करताना एवढे कळले आहे की, जे कायद्यात लिहिलेले नसते ते सरकार बदलले की विसरले जाते. म्हणून स्मारकासाठी कायद्याने स्वतंत्र मंडळ नेमावे आणि त्यात आंबेडकरी अभ्यासकांना स्थान असावे. संशोधन केंद्रासाठी कायमस्वरूपी निधी बाजूला काढावा आणि झालेल्या खर्चाचा हिशेब जागेवर फलक लावून जाहीर करावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लोकार्पणाच्या दिवशी बाबासाहेबांचा प्रत्येक खंड मराठीतून, मजुराला परवडेल अशा किमतीत, स्मारकाच्या दारात मिळालाच पाहिजे.

आमच्या नेत्यांनाही एक नम्र सूचना. लोकार्पणाच्या मंचावर खुर्ची मिळावी म्हणून जेवढी धडपड होईल, तिच्या निम्मी या मागण्यांसाठी करा. समाजबांधवांनी प्रत्येक तालुक्यातून याबाबत निवेदने द्यावीत, माहितीच्या अधिकारात अर्ज करावेत. जनतेने रेटा दिला म्हणून इंदू मिल मिळाली. ग्रंथही रेट्याशिवाय मिळणार नाहीत. त्या वृद्धाच्या रुमालाची गाठ ज्या दिवशी चैत्यभूमीच्या शेजारी सुटेल आणि तो खंड काखेत मारून परभणीची गाडी पकडेल, त्या दिवशी पुतळा किती फूट उंच आहे हे आम्ही कुणाला विचारणार नाही.

जयभीम!