आकडा मोठा की मात्रा?

औषधाच्या दुकानातील फळीवर पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात. पहिलीवर १२५ मिलिग्रॅम असे छापलेले असते, दुसरीवर २५० आणि तिसऱ्या, सर्वांत लहान, ड्रॉपर असलेल्या बाटलीवर १००. यांतील सर्वांत तीव्र औषध कोणते, असे एखाद्या सुशिक्षित पालकास विचारले तर बोट बहुधा दुसऱ्या बाटलीकडे जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. पहिल्या दोन बाटल्यांवरील आकडे दर ५ मिलिलिटरमागे दिलेले असतात, तिसऱ्या बाटलीवरील आकडा दर १ मिलिलिटरमागे. तिन्ही आकडे एका मिलिलिटरवर आणले की क्रम स्पष्ट होतो : २५, ५० आणि १००. सर्वांत लहान बाटली, सर्वांत लहान आकडा आणि सर्वांत मोठी मात्रा.

आठ किलो वजनाच्या बालकाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १२० मिलिग्रॅम औषध एका वेळी पुरते. पहिल्या बाटलीतून ते साधारण एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर होते. तिसऱ्या बाटलीतून केवळ १.२ मिलिलिटर. काही वर्षांपूर्वी हरमलच्या बाजूची एक तरुण माता माझ्याकडे आली होती. सिरप संपले, म्हणून तिने घरातील थेंबांच्या बाटलीतून एक चमचाभर औषध बाळाला पाजले होते आणि रात्री दुसरा चमचा द्यावा की कसे, हे विचारावयास ती आली होती. एका चमच्यातून ५०० मिलिग्रॅम, म्हणजे योग्य मात्रेच्या चौपटीहून किंचित अधिक औषध बाळाच्या पोटात गेले होते. एका चमच्याने सहसा अनर्थ होत नाही. परंतु दिवसातून चार वेळा आणि दोन-तीन दिवस हाच क्रम चालला असता, तर यकृताने त्याची किंमत मोजली असती. ती वेळेवर आली, बाळ सुखरूप राहिले. मला आठवण राहिली ती तिच्या तर्काची. थेंब हे तान्ह्या मुलांचे औषध, तेव्हा ते सौम्यच असणार, असे तिने गृहीत धरले होते. या तर्कात अडाणीपणा नव्हता. तिने बाटल्यांची तुलना केली होती, फक्त ती समान मापावर केली नव्हती.

आपण वैद्यक व्यवसायातील माणसे गणितापासून दूर पळून जीवशास्त्राकडे आलो, असे विनोदाने म्हटले जाते. प्रत्यक्षात दिवसभर आपण दुसरे काय करतो? हे अधिक की ते, कितीने अधिक आणि कितीपट अधिक, हीच मोजणी. तिला लागणारे गणित सातवी-आठवीच्या पुस्तकापलीकडचे नाही.

अपूर्णांकांचेच पाहा. डिगॉक्सिनची नेहमीची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची. वृद्ध रुग्णाला, विशेषतः मूत्रपिंड मंदावलेले असल्यास, आपण ०.१२५ मिलिग्रॅम लिहितो. या औषधाची उपकारक आणि अपायकारक मात्रा एकमेकींना इतकी लागून आहे की दुप्पट म्हणजे फार झाले. आणि कागदावर पाहणाऱ्याच्या डोळ्याला १२५ हा आकडा २५ पेक्षा पाचपट मोठा दिसतो. दशांश चिन्हाचा ठिपका हा चिठ्ठीवरील सर्वांत लहान आणि सर्वांत धोकादायक अवयव आहे. त्याच्या आधीचे शून्य गाळले तर.५ चे ५ होण्यास शाईचा एक फिकट फटकारा पुरतो.

आमच्या आजीला मात्र हा घोटाळा कधीच झाला नसता. तिच्या हिशेबात ०.२५ म्हणजे पावशेर आणि ०.१२५ म्हणजे नवटाक. नवटाक पावशेरापेक्षा मोठे, असे जुन्या पिढीतील कोणतीही गृहिणी झोपेतसुद्धा म्हणणार नाही. शेर गेला, किलो आला, ते योग्यच झाले. परंतु जुन्या मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत असत, त्या पाठांतरामागचे शहाणपण सहज टाकून देण्यासारखे नव्हते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना मराठीत स्वतंत्र नावे आहेत, म्हणजे या राशी मनात स्वतंत्र वस्तूंसारख्या वावरतात. वृद्ध रुग्णाला मी आजही 'शून्य पूर्णांक एक दोन पाच' असे सांगत नाही. 'दोतोर, अर्धीच ना?' असे त्याने विचारले की मी समजतो, मात्रा पोचली.

येथे एका वैद्याचे स्मरण करणे अगत्याचे वाटते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म १८२२ साली आपल्याच तालुक्यातील मांद्रे गावी झाला. मुंबईस १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि १८५१ साली जे पहिले पदवीधर तेथून बाहेर पडले, त्यांत ते होते. गरिबांसाठी त्यांनी धर्मार्थ दवाखाना चालविला, कुष्ठरोगावरील औषधाचे प्रयोग केले, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांचे जे कार्य आपल्या व्यवसायात फारसे कुणाला ठाऊक नसते, ते गणिताच्या इतिहासातील आहे. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांचे काळ आणि ग्रंथ यांविषयीचा त्यांचा प्रबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८६५ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या गर्दीतून वेळ काढून हा मनुष्य हस्तलिखिते जुळवीत होता आणि शिलालेख वाचीत होता.

खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथील शिलालेख त्यांनीच उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोन्हदेवाने शके ११२८ मध्ये त्या मठाला दान दिले, अशी त्या लेखातील हकीकत आहे. लेख बराचसा संस्कृतात आहे. शेवटचा भाग मात्र त्या काळच्या मराठीत आहे, कारण तो व्यवहाराचा आहे. कोणत्या मालावर मठाला काय मिळावे, तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यावे, हे तेथे सांगितले आहे. आणि जे मोजावयाचे ते मठाच्या मापाने मोजावे, असेही एक कलम आहे. गणिताच्या पाठशाळेच्या दानपत्रात हे कलम असावे, याचे मला मोठे कौतुक वाटते. माप एक ठरल्याशिवाय अर्धे काय आणि पाव काय, याला अर्थच उरत नाही.

ज्या ग्रंथांसाठी तो मठ होता, त्यांत 'लीलावती' होती. सिद्धांतशिरोमणीचा हा पहिला भाग भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला. त्यात त्रैराशिक आहे, तसेच व्यस्त त्रैराशिकही आहे. व्यस्त त्रैराशिकाचे एक उदाहरण धान्याच्या राशीचे आहे : सात आढक मावणाऱ्या मापाने रास मोजली तर शंभर मापे भरतात, पाच आढकांच्या मापाने मोजली तर किती भरतील? घाईत उत्तर देणारा सरळ त्रैराशिक मांडतो आणि माप लहान झाले म्हणून उत्तरही लहान करतो. वास्तविक रास तीच आहे, ७०० आढकांची; माप लहान झाले की मापांची संख्या वाढते. उत्तर १४०.

हे उदाहरण इन्शुलिनच्या सिरिंजला जसेच्या तसे लागू पडते. आपल्या देशात कुपीतील इन्शुलिन सामान्यतः दर मिलिलिटरला ४० युनिट असते; पेनच्या काडतुसातील १०० युनिट. परदेशांत कुपीसुद्धा बहुधा १०० युनिटचीच असते. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या : ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. पेडण्यासारख्या तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. घरोघरी कोणी तारवटी आहे, कोणी आखातात आहे. सुट्टीवर येताना तो स्वतःच्या किंवा आईच्या औषधाचा साठा बरोबर आणतो. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर महिनोन्महिने राहणारे परदेशी पाहुणेही आपली कुपी घेऊन येतात. कुपी तिकडची आणि सिरिंज इथल्या दुकानातली, अशी जोडी जमली की पाहा काय होते.

रुग्णाला २० युनिट घ्यावयाचे आहेत. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. आत १०० चे इन्शुलिन असेल तर अर्ध्या मिलिलिटरमधून ५० युनिट जातात. उलट जोडी झाली, म्हणजे इन्शुलिन ४० चे आणि सिरिंज १०० ची, तर २० च्या रेघेपर्यंत ०.२ मिलिलिटर भरते आणि युनिट जातात अवघे आठ. एकीकडे अडीचपट, दुसरीकडे अडीच भागांतील एक भाग. पहिला रुग्ण पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध सापडतो. दुसऱ्याची साखर आठवडाभर उतरत नाही आणि आपण मात्रा वाढवीत राहतो. दोन्ही वेळा रुग्ण शपथेवर सांगतो की मी वीसच घेतले, आणि तो खरेच बोलत असतो. त्याला 'किती घेता?' असे विचारून भागत नाही. कुपी आणि सिरिंज दोन्ही टेबलावर ठेवावयास सांगावे लागते.

प्रमाणाच्या भाषेतील आणखी एक सापळा आपल्या आणीबाणीच्या पेटीत असतो. अॅड्रिनॅलिन १:१००० आणि १:१०,०००. पहिले दहापट तीव्र, कारण छेद मोठा झाला की राशी लहान होते. शाळेत हे सर्वांना येते. समोर रुग्ण निळा पडत असताना येईलच असे नाही. अमेरिकेत २०१६ पासून अशा वेष्टनांवरील प्रमाणाची भाषा काढून मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम एवढेच लिहावयाचे ठरले, ते शहाणपणाचे झाले.

आता थोडी भूमिती. चतुर्थीला मोदक करणाऱ्या प्रत्येक सुगरणीला हे ठाऊक असते की तेवढ्याच सारणाचे लहान लहान मोदक केले तर पारीसाठी पिठी अधिक लागते. एका मोठ्या मोदकाच्या सारणातून त्याच आकाराचे आठ लहान मोदक केले, तर प्रत्येकाची उंची निम्मी होते, पृष्ठभाग चौथा हिस्सा होतो, आणि आठ चतुर्थांश म्हणजे दोन. पारीची जाडी तीच ठेवली तर पिठी दुप्पट. लांबी दुप्पट, पृष्ठभाग चौपट, घनफळ आठपट, या एका ओळीत बालरोगशास्त्राचा बराच भाग सामावतो.

चौसष्ट किलोचा, १६० सेंटिमीटर उंचीचा प्रौढ आणि आठ किलोचे, ७० सेंटिमीटर लांबीचे बालक घ्या. वजनात आठपट अंतर. पृष्ठभागासाठी उंची आणि वजन यांच्या गुणाकाराला ३६०० ने भागून वर्गमूळ काढण्याचे मोस्टेलर यांचे १९८७ चे सूत्र वापरले, तर प्रौढाची त्वचा सुमारे १.६९ चौरस मीटर आणि बालकाची ०.३९ भरते. अंतर आठपट नव्हे, सव्वाचारपट. म्हणजे दर किलोमागे बालकाची त्वचा प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट. ओल्या अंगाने बाळ लवकर गारठते, भाजल्यावर त्याच्या शरीरातून पाणी झपाट्याने जाते, आणि त्वचेवर चोळलेले स्टेरॉइडचे मलम त्याला प्रौढापेक्षा अधिक भोवते, या सर्वांत या भूमितीचा मोठा वाटा आहे. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे वाक्य आपण विद्यार्थिदशेत पाठ केले. मोदकाने ते सिद्धही होते.

नळीचा हिशेब तर याहून कठोर. प्वाझय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात दाखविल्याप्रमाणे संथ प्रवाह त्रिज्येच्या चतुर्थ घाताने बदलतो. चार मिलिमीटर व्यासाच्या श्वासमार्गाला चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली की व्यास निम्मा उरतो, आणि विरोध सोळापट होतो. प्रौढाच्या रुंद श्वासनलिकेत तीच एक मिलिमीटर सूज कदाचित जाणवणारही नाही.

शेवटी, 'कितीने' आणि 'कितीपट' या दोन तुलनांविषयी. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमधील औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या प्रकारच्या संततिनियमनाच्या गोळ्यांमुळे शिरांत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. इशारा खरा होता. परंतु तो सात हजार स्त्रियांमागे एकीऐवजी दोघी, असा दुप्पट होता. 'दुप्पट' हा शब्द ऐकून असंख्य स्त्रियांनी गोळ्या एकाएकी थांबविल्या, आणि पुढील वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले असा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा अधिक असतो, हे बातमीत कुठे हरवले कोण जाणे.

औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आपल्याला 'पन्नास टक्क्यांनी घट' सांगतात तेव्हा मी त्यांना मूळ राशी विचारतो. शंभरांत वीसचे दहा झाले की दोनचा एक? पहिल्या घटीत दहा रुग्णांना औषध दिल्यावर एकाचा अनर्थ टळतो, दुसऱ्या घटीत शंभरांना द्यावे लागते. दोन्हीही पन्नास टक्केच. दर महिन्याला काजूच्या हंगामातील कमाईतून औषधाचे पैसे बाजूला काढणाऱ्या कासारवर्णे-चांदेलच्या शेतकऱ्याला यांतला कोणता पन्नास टक्के आपण सांगत आहोत, हे ऐकण्याचा अधिकार आहे. मी त्याला टक्के सांगत नाही. टेबलावर शंभर काजूबिया आहेत असे समजा, म्हणतो, आणि त्यांतल्या किती बिया या औषधाने वाचतात ते सांगतो. त्यानंतर तो जो प्रश्न विचारतो, तो बहुधा प्रतिनिधींना विचारलेल्या माझ्या प्रश्नापेक्षा अधिक नेमका असतो.