स्वस्त सेल कुठे परवडतो?

रस्त्यावरच्या ठेल्यावरचा स्वस्त पेन्सिल सेल घ्यावा की नाही, हे त्याच्या किमतीपेक्षा तो कशात बसवायचा आहे यावर ठरतं. हा सेल बहुधा झिंक-कार्बन जातीचा असतो आणि महाग सेल अल्कलाइन. दोन्हींवर १.५ व्होल्टच छापलेलं असल्यामुळे आपण फक्त नावाचे पैसे मोजतो, असं अनेकांना वाटतं. पण व्होल्टच्या आकड्यावरून सेल किती प्रवाह पेलेल हे कळत नाही. झिंक-कार्बनमध्ये जस्ताचं बाहेरचं डबडंच ऋणाग्र असतं. अल्कलाइनमध्ये जस्ताची भुकटी असल्याने रासायनिक क्रियेला कितीतरी अधिक पृष्ठभाग मिळतो. म्हणून स्वस्त सेलकडून जास्त प्रवाह मागितला, की अंतर्गत रोधामुळे त्याचा विद्युतदाब झपाट्याने उतरतो.

मोटारीच्या खेळण्यात ‘संपलेला’ सेल भिंतीवरच्या घड्याळात पुष्कळदा आणखी बरेच दिवस चालतो, कारण घड्याळाला सरासरी एक मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो. उन्हात ठेवलेला सेल थोडा वेळ पुन्हा चालतो, तेव्हाही तो चार्ज झालेला नसतो. विश्रांतीने आणि उष्णतेने रोध तेवढ्यापुरता घटतो. सेलमध्ये ऊर्जा शिल्लक असते, खेळण्याला ती मिळत नाही एवढंच. त्यामुळे घड्याळ आणि रिमोटसाठी स्वस्त सेल घेण्यात शहाणपणच आहे. खेळणी किंवा रक्तदाब मोजायचं यंत्र यांत मात्र तो वारंवार बदलावा लागतो आणि बेताच्या पैशांत घर चालवणाऱ्यालाच त्याचा भुर्दंड बसतो. रोजच्या वापराला शेकडो वेळा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल उत्तम. चार्जरचा खर्च सुरुवातीला जड वाटतो हे खरं, पण सेल सतत बदलावे लागणाऱ्या घरात तो भरून निघतो. स्वस्त सेल गळतात, हा आक्षेपही रास्त आहे. मात्र अल्कलाइनही गळतात. उतरलेला सेल लगेच काढून टाकणं हाच त्यावर उपाय.

चार्ज होणाऱ्या लिथियम सेलला मात्र स्वस्तात घेण्याची ही सवलत देता येत नाही. १८६५० आकाराच्या काही स्वस्त सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेलं दिसतं. नामवंत कंपन्यांचे त्या आकाराचे उत्तम सेलही साधारण ३५०० च्या आसपासच असतात. ज्याचा छापील आकडाच खोटा, त्याच्या आतल्या सुरक्षेवर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? झिंक-कार्बन सेल फसला तर थोडे पैसे जातात. सदोष लिथियम सेल पेट घेऊ शकतो. म्हणून लिथियम सेल भारतीय मानक ब्युरोची नोंदणी पाहूनच घ्यावा.