अनाथी मुनी आणि एका आईचा प्रश्न

चातुर्मासातील एक दुपार. मुळशी तालुक्यातील पौड येथे एका घरी आठ-दहा श्राविकांचा स्वाध्याय चालला होता. वाचन संपल्यावर भिंतीला टेकून बसलेल्या एका ताईंनी विचारले, "सगळे म्हणतात, हे पूर्वकर्मांचे फळ. म्हणजे माझा मुलगा गेला, तो माझ्याच दोषामुळे का?" वर्षापूर्वी त्यांचा तरुण मुलगा आजाराने गेला होता. कोणीच काही बोलले नाही. तो प्रश्न माझ्यासोबत घरी आला आणि मी उत्तराध्ययन सूत्राचे 20वे अध्ययन पुन्हा उघडले.

मगधनरेश श्रेणिक उद्यानात एका तरुण मुनींना पाहतो आणि एवढ्या कोवळ्या वयात दीक्षा का घेतली, असे विचारतो. आपल्याला कोणी नाथ नव्हता, असे मुनी सांगतात. राजा हसून स्वतःच त्यांचा नाथ होऊ पाहतो. तेव्हा तो स्वतःही अनाथच आहे, याची जाणीव मुनी त्याला करून देतात.

मुनी मूळचे कौशांबीचे, धनाढ्य पित्याचे पुत्र. तारुण्यात त्यांच्या डोळ्यांत असह्य वेदना उठली, सर्वांगाचा दाह झाला. निष्णात वैद्य आले. पित्याने सारे धन देऊ केले, आई शोकाने व्याकूळ झाली, भावंडे धावली, पत्नीने अन्नपाणी सोडले. वेदना मात्र कोणालाच दूर करता आली नाही. एकेका आप्ताचा उल्लेख करून मुनी पुन्हा पुन्हा हीच असहायता सांगतात. सूत्र येथे सांत्वनाची घाई करत नाही. दुःखाला पुरते बोलू देते.

या कथनात दोन गोष्टी आढळत नाहीत. आप्तांविषयी तक्रार नाही आणि कोणत्या पूर्वदोषाने हा रोग आला, याचा हिशेबही नाही. कर्मसिद्धांत हा आपल्या दर्शनाचा पायाच आहे. परंतु त्यानुसार प्रत्येक जीव आपापल्याच कर्मांचा भोक्ता असतो. आईच्या दोषाचे फळ मुलाने भोगावे, असे तो सिद्धांत सांगत नाही. स्वतःचे पुढचे पाऊल सावरण्यासाठी दिलेला हा दिवा आपण दुसऱ्याच्या जखमेवर धरतो, तेव्हा तो चटका देतो.

निराशा ही श्रद्धेची उणीव आहे, असेही आपण समजतो. तत्त्वार्थसूत्राच्या 9व्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. इष्टवियोग आणि वेदना हे त्यांतलेच. असे ध्यान प्रमत्तसंयत गुणस्थानापर्यंत, म्हणजे महाव्रतधारी साधूलाही संभवते, हे सूत्रकार मान्य करतात. मग पुत्रशोकाने खचलेल्या आईला कोण बोल लावणार? निराशा सरत नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्यातही संकोच नको. आपल्या परंपरेने औषधदानाला चार दानांत स्थान दिले आहे.

पौडहून पुढे गेले की मुळशी धरणाचे पाणी दिसते. 1921 साली याच खोऱ्यातील शेतकरी आपल्या जमिनींसाठी सत्याग्रहाला उभे राहिले. सेनापती बापट त्यांच्यासोबत तुरुंगात गेले. धरण थांबले नाही. गावे पाण्याखाली गेली. बापटांना ती वाचवता आली नाहीत, म्हणून त्यांचे सोबत उभे राहणे व्यर्थ ठरले का? या खोऱ्यातला कोणी तसे म्हणणार नाही. अशरण भावनेचा अर्थही मला असाच उमगतो. दुसऱ्याची वेदना आपल्या अंगावर घेता येत नाही. सोबत मात्र करता येते. जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, हेही तत्त्वार्थसूत्राचेच सांगणे आहे.

एका रात्री अनाथी मुनींनी बरे झाल्यास दीक्षा घेण्याचा संकल्प केला, त्यांना झोप लागली आणि पहाटे वेदना शमली होती. हा रोगमुक्तीचा तोडगा समजू नये. बाहेरचे सारे आधार थकले, तरी आत्म्याची दिशा ठरवणे आपल्याच हाती उरते, एवढे त्यातून घ्यावे.

पुढच्या स्वाध्यायात मी ताईंना उपदेश केला नाही. त्यांच्याजवळ बसले आणि म्हटले, "ताई, तुमचा दोष नाही. मुलाबद्दल सांगा ना." त्या बराच वेळ बोलत होत्या. त्या दिवशी पोथी बंदच राहिली. पण स्वाध्याय झाला.