कपाट दहा कप्प्यांचं, चिठ्ठी पाचशेव्याची!

मित्रांनो, निकाल, प्रश्नपत्रिका, गोष्टींची पुस्तकं, हल्ली सगळं पीडीएफ होऊन येतं. तुम्ही म्हणाल, नुसतं वाचण्यात कसला आलाय धोका? मग २००९ साली अ‍ॅडोबी कंपनीच्या 'रीडर' या प्रोग्रॅमचं काय झालं, ते ऐका.

स्कॅन केलेली काळी-पांढरी पानं थोड्या जागेत साठवायची एक पद्धत आहे, जेबिग-२. असं पान उघडताना फाइलमधले आकडे पाहून रीडर ठरवतो, कोणती माहिती मेमरीत कुठे ठेवायची. समजा, कपाटाला कप्पे दहाच आणि चिठ्ठीत लिहिलंय, 'पाचशेव्या कप्प्यात ठेव.' तुम्ही हसाल आणि चिठ्ठी फेकून द्याल. रीडर मात्र तो आकडा नीट तपासतच नव्हता! मोजत मोजत स्वारी कपाटाबाहेर जायची आणि भलत्याच जागी लिहून यायची. लबाड मंडळींनी मुद्दाम तसल्या फाइली बनवून पाठवल्या. फाइल उघडली की त्यांचा प्रोग्रॅम आपल्या संगणकात चालू!

कंपनीने ही चूक फेब्रुवारीत जाहीर केली. दुरुस्ती आली १० मार्चला, तीही आधी फक्त नवव्या आवृत्तीसाठी.

अशी दुरुस्ती म्हणजेच सुरक्षा अपडेट. पण ते आलं की लबाड लोकही जुना आणि नवा प्रोग्रॅम शेजारी ठेवून बघतात, बदललं कुठे? भोक नेमकं कुठे होतं, ते त्यांना तिथेच कळतं. मग 'नंतर करू' म्हणणारे आयतेच सापडतात, बरं का! आणि हो, अपडेट घ्यायचं ते प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेनूतून. कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको, कारण खोटी अपडेटंही फिरत असतात.