केमो संपली, पण पोर्ट आतच आहे. मग ताप आला तर?

घरात कुणाची केमो झाली असेल, तर आजचा भाग शेवटपर्यंत ऐका.

आधी पोर्ट म्हणजे काय ते बघू. कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत बसवलेली एक छोटी डबी. तिची बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. डबीत सुई टोचली की औषध थेट रक्तात. केमो संपल्यावरही पोर्ट कधीकधी बरेच महिने ठेवतात आणि मधूनमधून फ्लश करतात.

गोची इथेच आहे. नळीच्या प्लॅस्टिकवर जंतू बसले की ते चिकट थर तयार करतात. याला म्हणतात बायोफिल्म. या थरातल्या जंतूंवर अँटिबायोटिकचा मारा नीट चालत नाही. म्हणून गोळ्यांनी ताप उतरतो आणि कोर्स संपला की परत येतो. घरच्यांना वाटतं, कॅन्सर उलटला की काय!

बहुतेक वेळा हे जंतू आपल्याच कातडीवरचे असतात. पण क्वचित मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटमसारखे जंतू निघतात. हे टीबीच्या जंतूचे भाऊबंद, पण हा टीबी नव्हे. टीबीची नेहमीची औषधं यांच्यावर सहसा चालत नाहीत. हे माती-पाण्यात राहतात, अगदी नळाच्या पाण्यातही. म्हणून पोर्टला सुई लावलेली असताना ती जागा भिजू द्यायची नाही.

ओळखायचं कसं? फ्लश केल्यावर थोड्याच वेळात थंडी वाजून ताप आला, तर पोर्टवर संशय घ्या. वरून लाली किंवा पू दिसेलच असं नाही. अशा वेळी शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी दोन ठिकाणचं रक्त कल्चरला घेतात: पोर्टमधून आणि हातातून. दोन्हीकडे एकच जंतू निघाला आणि पोर्टच्या बाटलीत तो किमान 2 तास आधी वाढला, तर गडबड बहुधा पोर्टमध्येच. आम्ही सॉफ्टवेअरवाले दोन लॉगचे टाइमस्टॅम्प जुळवतो ना, अगदी तसंच!

असा दुर्मिळ जंतू निघाला, तर सहसा पोर्ट काढावाच लागतो आणि पुढे काही आठवडे औषधं चालतात. ‘परत ऑपरेशन?’ म्हणून घाबरू नका. बहुतेकदा जागा बधिर करून हे काम होतं.

आता लक्षात ठेवायचं ते एवढंच. केमो चालू असताना ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. केमो संपली असेल आणि गावाकडच्या डॉक्टरांकडे गेलात, तर पहिलं वाक्य हेच: ‘डॉक्टर, यांना पोर्ट आहे.’

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!