सोळाव्या वर्षी विचारलेला प्रश्न

२७ मार्च २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं नागपूरच्या तुरुंगातल्या एका कैद्याला सोडून देण्याचा आदेश दिला. २६ ऑगस्ट १९९४ला पुण्यात राठी कुटुंबातल्या सात जणांचे खून झाले. मृतांमध्ये एक गर्भवती स्त्री होती, लहान मुलं होती. त्या खटल्यात या माणसाला १९९८मध्ये फाशी सुनावली गेली आणि २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच ती कायम केली. पोलिसांच्या कागदांत त्याचं वय विशीच्या आसपास होतं. त्याच्या राजस्थानातल्या गावच्या शाळेची नोंद मात्र सांगत होती की, गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. म्हणजे कायद्यानं त्याला तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता आलं नसतं. तो २८ वर्षांहून अधिक काळ आत राहिला. (त्याचं नाव देत नाही, गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असलेल्याची ओळख उघड करायला कायद्याची मनाई आहे.)

त्या निकालात एक जागा मला फार महत्त्वाची वाटते. बारा वर्षांचा मुलगा इतकं क्रूर कृत्य करू शकतो का, या प्रश्नानं न्यायाधीशही हादरले होते. पण आम्हाला बालमानसशास्त्राचं ज्ञान नाही, त्यामुळे अशा तर्कावर निकाल देता येणार नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं जे आपल्या आवाक्याबाहेरचं मानलं, ते आज जिल्ह्याजिल्ह्यातल्या बाल न्याय मंडळांकडून आपण करून घेतो आहोत.

ते कसं घडतं, हे पाहायला भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वस्तीतून निघू. समजा, या वस्तीतल्या सतरा वर्षांच्या मुलावर खुनाचा आळ आला. नवघर पोलीस ठाण्यात त्याला कोठडीत टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. त्याला बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचं आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं. मीरा-भाईंदरला पोलीस आयुक्तालय २०२० साली मिळालं, पण जिल्हा ठाणेच आहे. त्यामुळे अशा मुलांची वाट भिवंडीच्या निरीक्षणगृहाकडे जाते. भेटीला जाणाऱ्या आईबापांनी वसईला उतरून दिव्याची गाडी धरायची, नाहीतर घोडबंदर रोडच्या कोंडीत बसायचं. अर्धा दिवस त्यातच जातो.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक स्त्री असावीच लागते. निर्भया प्रकरणानंतर उसळलेल्या संतापातून २०१५चा कायदा आला, १५ जानेवारी २०१६पासून लागू झाला आणि मंडळावर एक नवं काम येऊन पडलं. मुलगा सोळा ते अठरा वयाचा असेल आणि गुन्हा ‘निर्घृण’ वर्गातला, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा असेल, तर मंडळानं तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करायचं. गुन्हा करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता किती होती, परिणाम कळण्याची समज होती का, गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे पाहायचं. त्यावरून त्याला प्रौढ म्हणून खटल्याला सामोरं जावं लागेल की नाही, ते ठरतं.

माझा आक्षेप इथेच आहे. हे मूल्यांकन होतं तेव्हा मुलानं गुन्हा केला, हे सिद्ध झालेलं नसतं. ही सुनावणी म्हणजे खटला नव्हे, असं कायदाच स्पष्ट करतो. तरीही गुन्हा कोणत्या परिस्थितीत ‘केला’ याचं उत्तर मंडळानं द्यायचं. जो मुलगा म्हणतो, मी तिथे नव्हतोच, त्यानं काय सांगावं? शिवाय मोजायचं असतं ते काही आठवड्यांपूर्वीच्या एका रात्रीचं मन. मानसतज्ज्ञ आज समोर बसलेल्या, घाबरलेल्या मुलाशी बोलतो. त्या रात्रीचा मुलगा त्याला भेटत नाही. गुरुग्रामच्या शाळेतल्या खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२मध्ये सांगितलं की, हे नाजूक काम आहे आणि मंडळात बालमानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल. सूचना योग्यच होती. पण तज्ज्ञ आला म्हणून घडून गेलेला क्षण मोजता येतोच असं नाही.

पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणानं याची दुसरी बाजू दाखवली. १९ मे २०२४च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. काही तासांत त्याला जामीन मिळाला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. महाराष्ट्र भडकला, आणि भडकणं रास्त होतं. पोलिसांनी त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची मागणी केली. जुलै २०२५मध्ये मंडळानं ती फेटाळली. अनेकांना तो पैशाचा विजय वाटला. प्रत्यक्षात सदोष मनुष्यवधाला किमान सात वर्षांची शिक्षाच नाही, आणि ज्या गुन्ह्याला अशी किमान शिक्षा नाही तो निर्घृण ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२०मध्येच ठरवून ठेवलं होतं. दिल्लीतलं ते प्रकरणही अल्पवयीन मुलाच्या भरधाव मर्सिडीजचंच होतं.

आता याच्या शेजारी दुसरा मुलगा उभा करा. त्यानं कोयता दाखवून कुणाचा मोबाइल लुटला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३११प्रमाणे लुटीत प्राणघातक शस्त्र वापरलं तर सात वर्षांखाली शिक्षा देता येत नाही. म्हणजे कोयतेवाल्या मुलाचा गुन्हा निर्घृण. दोन जीव घेणाऱ्या गाडीवाल्याचा नाही. प्रौढ खटल्याची मागणी करताना आपल्या डोळ्यांपुढे बड्या घरचा मुलगा असतो. कलमाच्या कात्रीत सापडतो तो बहुधा ज्याला वकील परवडत नाही असा.

कल्याणीनगरमध्ये जे खरोखर कुजलं होतं, ते प्रौढांच्या जगातलं होतं. गाडी घरच्यांची होती. महाराष्ट्रात एकविशीपर्यंत बिअरही देता येत नसताना सतरा वर्षांच्या मुलाला मद्य दिलं गेल्याचा आरोप आहे. ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांना हाताशी धरून गुन्हे करवून घेणाऱ्या प्रौढाला बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. कोयता गँगच्या बातम्यांत पोरांची वयं छापून येतात. कोयता त्यांच्या हाती कुणी दिला, हे शोधणाऱ्या या कलमाचा उल्लेख मला क्वचितच दिसतो.

मग सतरा वर्षांच्या खुन्याला तीन वर्षांत सोडून द्यायचं? हा प्रश्न टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात काही प्रौढांना फाशीची शिक्षा झाली (पुढे उच्च न्यायालयानं २०२१मध्ये तिची जन्मठेप केली), आणि अल्पवयीनांची तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत रवानगी झाली. अत्याचार झालेल्या मुलींच्या बाजूनं पाहिलं तर ही तफावत बोचते, मलाही बोचते. सगळ्यात गंभीर गुन्ह्यांसाठी तीन वर्षांची मर्यादा अपुरी आहे, असंच माझं मत आहे.

पण त्यासाठी त्याला सोळाव्या वर्षी प्रौढ ठरवण्याची गरज नाही. २०१५च्या याच कायद्यात कलम २० आहे. प्रौढ म्हणून दोषी ठरलेला मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत सुरक्षित स्थळी राहतो, तुरुंगात नाही. एकविसाव्या वर्षी बाल न्यायालय त्याला पुन्हा पाहतं: तो बदलला का, समाजाला उपयोगी पडेल का? बदलला असेल तर देखरेखीखाली सुटका, नाहीतर उरलेली शिक्षा तुरुंगात. या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं, कारण तोवर गुन्हा सिद्ध झालेला असतो आणि मुलाच्या वागण्याची काही वर्षांची नोंद समोर असते. मंडळानंच दोष ठरवावा, गंभीर गुन्ह्यात ताब्याची मुदत एकविसाव्या वर्षापर्यंत न्यावी, आणि धोका उरला आहे का हे तेव्हा ठरवावं. प्राथमिक मूल्यांकनाचं कलम १५ काढून कलम २० सगळ्या निर्घृण गुन्ह्यांना लावलं, तर हे साधतं. अमेरिकेत अनेक राज्यांनी मुलांना प्रौढ न्यायालयांकडे पाठवलं. तिथल्या तज्ज्ञांच्या कृतिदलानं २००७मध्ये अभ्यास पडताळून सांगितलं की, अशी मुलं पुढे जास्त हिंसक गुन्हे करतात.

अर्थात एकविसाव्या वर्षीच्या त्या तपासणीला अर्थ यायचा तर मधल्या वर्षांची नोंद कुणीतरी ठेवलेली हवी. कायद्यात मुलाची वैयक्तिक काळजी योजना आहे, परिवीक्षा अधिकाऱ्याचा दरवर्षीचा पाठपुरावा अहवाल आहे. तो अधिकारी महिन्यातून किती वेळा मुलाशी बोलतो, एका अधिकाऱ्याकडे किती मुलं असतात, समुपदेशकाची जागा भरलेली आहे का, हे प्रश्न ठाणे जिल्ह्याच्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात विचारावेत. उत्तरं महिला व बालविकास विभागाला लेखी द्यावी लागतील.