घरातल्या यंत्रांनाही हवा कायमचा पत्ता



गोठ्यावर कॅमेरा बसवला, घरात रेकॉर्डर ठेवला, आता निश्चिंत झोप लागेल असे आपल्याला वाटते. पण रात्री वीज जाते, तासाभराने येते, आणि सकाळी पाहावे तो पुढचे चित्रणच नाही! नेमकी त्याच रात्री विहिरीवरची मोटार चोरीला गेली तर? कॅमेरा चांगला, रेकॉर्डरही चांगला. मग बिघडले काय? पुष्कळदा बदललेला असतो तो पत्ता.

जमिनीला जसा गट नंबर, तसा राउटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत टिंबांनी जोडलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. १९९६ साली ठरलेल्या नियमांनुसार १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत. एकच गट नंबर दोन गावांत असतो, तसा हा पत्ता तुमच्याकडेही असेल आणि शेजाऱ्याकडेही. त्याने तंटा होत नाही. पण एकाच घरात दोन यंत्रांना एक नंबर मिळाला, की तंटा झालाच!

राउटर हे नंबर आपणहून वाटतो, पण मुदतीने, उसनवार दिल्यासारखे. वीज जाऊन आली की कधी वाटप बदलते. रेकॉर्डर बिचारा जुन्याच पत्त्यावर कॅमेऱ्याला हाका मारीत बसतो.

यावर उपाय सोपा आहे, खर्च काही नाही. मोबाइल घरच्या वायफायला जोडा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत लिहा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर पाहावे. पासवर्ड घालून डीएचसीपीच्या पानावर जा. तिथे ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तशाच नावाची सोय असते. कॅमेऱ्यावर बारा अक्षर-आकड्यांचा मॅक ॲड्रेस छापलेला असतो. त्याच्यापुढे इतर कोणालाही न दिलेला नंबर, समजा १९२.१६८.१.५०, नोंदवा. पहिले तीन आकडे मात्र राउटरचेच ठेवा. मग कॅमेरा बंद करून चालू करा आणि रेकॉर्डरमध्येही हाच नंबर भरा.

काही जण नंबर थेट कॅमेऱ्यातच भरतात. तसे करायचे तर राउटर ज्या नंबरांतून वाटप करतो, त्यांच्या बाहेरचाच नंबर निवडा. नाहीतर तोच नंबर उद्या पाहुण्याच्या मोबाइलला मिळेल आणि कॅमेरा बंद पडेल.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. राउटरचा आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदला. कोणत्या यंत्राला कोणता नंबर दिला, ते घरच्या वहीत लिहून ठेवा. मग एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून चालू करा आणि चित्रण सुरू झाले का ते पाहा. ही परीक्षा दिवसाउजेडी घेतलेली बरी. चोर काही सांगून येत नाही.